एरंडेलाचा धूर

आधी धूर आला. मग धुरातून गाडी आली, आन् गाडीवरून माझी लेक उतरली, मांडीवरची पत्र्याची पेटी सावरत.

सकाळची वेळ होती. डेअरीवर दूध घालून बायका घराकडं निघाल्या होत्या. सगळ्यांनी ओढण्या नाकाला लावल्या. निंबाखाली निजलेलं कुत्रं उठून वाण्याच्या ओट्यावर गेलं. मी माझ्या गॅरेजात पंक्चर काढत बसलो होतो, तो हातातली ट्यूब तशीच टाकून उठलो. निळा, जाड, चिकट धूर. घशात गेला की खाली उतरायचं नाव घेत नव्हता. वीस-पंचवीस वरसं मी धूर हुंगत आलोय, पण असला घाण वास मला कधी आला नव्हता.

गाडी चालवत होता माझा जावई, मघा. त्यानं गाडी बंद केली, किल्ली माझ्याकडं न बघता सीटवर ठेवली आन् पायातल्या धुळीकडं बघत उभा राहिला.

"मामा, बापांनी सांगितलंय..."

"काय सांगितलंय?"

"गाडी आन् रखू, दोन्ही ठिवून ये म्हणून."

"आन् तू ठिवायला आलास?"

पोरगं वाईट नाही हो. मेहनती आहे, रखूला कधी वाकडं बोललेलं नाही. पण बापापुढं उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटते. मला त्या घडीला त्याची इतकी किळस आली, की पाणीसुद्धा विचारलं नाही.

"पुढं काय? आणखी काय सांगितलंय तुझ्या बापांनी?"

"म्हणाले, येत्या बीजेला पंच घेऊन येतो. नवूला घेऊन जातो."

एवढं बोलून मघा भाड्याच्या शटल जीपच्या मागच्या फळीवर लटकून निघून गेला. रखू पेटीवर बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, "बापा, चहा हाय का?"

आता हे साटं काय ते तुम्हाला सांगायला हवं. मघाचा बाप लेबाभाई, त्याची लेक नवू माझ्या पोराला, केवळला दिली आन् माझी रखू त्याच्या मघाला. एकच मांडव, एकच दिवस, एकाच बामणानं दोन्ही लग्नं लावली. आमच्या जातीत असंच चालतं. लेक द्यायची आन् लेक घ्यायची. चांगलं चाललं तर लई चांगलं, दोन्ही घरं एकमेकांना धरून राहतात. पण एका घरची सून पेटी घेऊन माघारी आली, की दुसऱ्या घरच्या सुनेचीही पेटी भरायची. तिनं काय केलं, तिच्या नवऱ्यानं काय केलं, ती सुखात आहे का, कुणी विचारत नाही. हिशेब बरोबर झाला पाहिजे, बास.

आन् नवू सुखात होती! रखूची आई गेल्यापासून माझं घर म्हणजे धर्मशाळा झाली होती, ते नवूनं पुन्हा घर केलं. केवळ आन् ती कडबा कापायच्या यंत्रावर उभी राहिली की दोघांचं हसणं चौकापर्यंत यायचं. वर पोरगी पोटुशी. सहा महिने होऊन गेलेले. तिला बापानं उचलून न्यायची, का? तर म्हणे गाडी धूर सोडते.

ही गाडी मीच दिली होती लग्नात. कुणी मागितली नव्हती. शंभर सीसीचं इंजिन, जुनी होती, पण मी स्वतः खोलून उभी केली होती. सिलेंडर घासून आणला, पिस्टन नवा, रिंगा नव्या, व्हॉल्व्हची सिलं नवी. मिस्त्रीनं लेकीला द्यायची गाडी, त्यात कसर ठेवीन का मी? मघा त्या गाडीवर दोन्ही बाजूंना कॅन लावून शेतावरच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करायचा आन् थंड करायच्या केंद्रावर पोचवायचा. वरीसभर झकास चाललं. मग धूर सुरू झाला. कॅनांच्या झाकणांवर तेलकट थर बसायला लागला. केंद्रावरच्या माणसानं एक दिवस झाकण उघडलं, हुंगलं आन् कॅन माघारी पाठवले, दुधाला वास मारतो म्हणून. वस्तीवरच्या लोकांनी दूध दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली. आन् लेबाभाई गावभर सांगत सुटला, की व्याह्यानं भंगार गळ्यात मारलं.

चहा पिऊन झाल्यावर रखू उठली, ओढणी कमरेला खोचली आन् म्हणाली, "बघायची ना गाडी?"

घरापुढं नवू शेणाच्या गोवऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे हात थांबले नाहीत, पण गोवऱ्या सगळ्या वाकड्या पडत होत्या. केवळ दाराशी उभा राहून दात खात होता.

"येऊ द्या त्यांना. तंगड्याच मोडतो एकेकाच्या."

"गप बस," मी म्हणालो. "तंगड्या मोडून नवू ऱ्हाती का? आधी हा धूर कुठनं येतो ते बघू."

धूर म्हणजे सगळा एक नसतो. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जातंय. थंडीच्या सकाळी पांढरा आला तर नुसती वाफ, थोड्या वेळानं आपोआप जातो. निळा आला म्हणजे इंजिनात तेल जळतंय. आता ते तेल वरून येतंय का खालून, एवढंच शोधायचं. वरून म्हणजे व्हॉल्व्हच्या सिलांतून, खालून म्हणजे रिंगांतून.

"सकाळी पहिल्या किकला धूर जास्त येतो का गं?" मी रखूला विचारलं.

"न्हाई. तवा कमीच. गाडी तापली आन् कॅन भरले, की मग डोळं उघडवत न्हाईत."

"उताराला?"

"ते न्हाई बघितलं."

मी तिला मागं बसवलं आन् कालव्याच्या बंधाऱ्यावर गेलो. उताराला रेस सोडून गाडी खाली येऊ दिली, मग एकदम पिळली. सिलं गेली असली तर त्या घडीला भसकन एक लोट निघतो आन् मग कमी होतो. इथं तसं काही नाही. पण चढावर घातली मात्र, मागं रस्ताच दिसेना. रखू खोकत खोकत माझ्या पाठीवर थापा मारायला लागली. बंधाऱ्यावर बकऱ्या चारणारी म्हातारी आम्हाला नाही नाही ते बोलली. तिचं काही चुकलं नाही.

परत येऊन प्लग काढला. ओला, काळा, वर चिकट मळ. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं, प्लग बसवला आन् रखूला म्हणालो, मार किक. आधी किक कशी लोण्यात पाय घातल्यागत खाली जात होती. आता तिनं पाय ठेवला तर किक अडली.

"बापा, घट झाली!"

"म्हंजे काय?"

"रिंगा," ती म्हणाली. माझ्याच हाताखाली वाढलेली पोर ती. "तेलानं फट भरली, म्हून दाब आला. रिंगा गेल्या."

तिनं ते म्हटलं आन् माझं तोंड उतरलं. कारण रिंगा मी बसवल्या होत्या. वरीस-दीड वरसात रिंगा जात नाहीत. गेल्या असतील, तर लेबाभाई खरं बोलत होता. मग पंचांपुढं मी काय तोंड दाखवू, आन् नवूला कशी ठेवू?

इंजिन खोललं. हेड काढलं, सिलेंडर वर उचलला. आतून बोट फिरवलं तर भिंती गुळगुळीत. एक ओरखडा नाही. मला काही कळेना. रिंगा झिजल्या असत्या तर सिलेंडरवर खूण दिसली असती. मग पिस्टन हातात घेतला, आन् शी! सगळ्या रिंगा आपापल्या खाचांत चिकटून बसलेल्या. हलेनात. खाचांत तपकिरी, लाखेसारखा राप भरलेला. तेल खाली जायची बारीक भोकं पार बुजलेली. नखानं खरवडलं तर नखाखाली चिकटलं आन् निघेना. काळा कार्बन मी रोज बघतो, तो ठिसूळ असतो, खरवडला की पडतो. हे तसलं नव्हतं. हे मिस्त्रीच्या बापजन्मात कुणी बघितलं नसंल.

मी नाकाशी नेलं.

खरंच सांगतो, तिथंच निंबाच्या बुंध्याशी जाऊन ओकलो. मला माझी आजी दिसली, एका हातानं माझं नाक दाबून दुसऱ्या हातानं वाटी तोंडात ओतणारी. दर उन्हाळ्यात पोट साफ करायला म्हणून ती आम्हा पोरांना एका रांगेत बसवायची. तोच वास. जळालेला, कडवट, पण तोच.

"एरंडेल!" मी तोंड पुसत ओरडलो. "रखू, हे एरंडेल हाय! कुण्या हरामखोरानं इंजिनात एरंडेल वतलंय!"

रखू माझ्याकडं बघतच राहिली. मग हळूच खाली बसली.

"बापा, म्या पाय बघितलेत."

"कसले पाय?"

"सासऱ्यांचे. मी पहाटे अंगण झाडताना ते गाडीपाशी यायचे. त्यांच्यापुढं घुंगट हनवटीपर्यंत वढलेला आसतो, त्यातनं काय दिसणार? पायच दिसतात. पाय दिसायचे आन् बाजूला डबा टेकवलेला दिसायचा. देवाच्या दिव्याच्या तेलाचा डबा. मला वाटायचं, गाडीची पूजा करत आसतील."

"रोज?"

"रोज न्हाई. पण लई वेळा."

"आन् मघाला ठावं होतं?"

ती नुसती जमीन उकरत राहिली. तेच उत्तर समजायचं.

मला हसावं का रडावं कळेना. लेबाभाईचं एरंडाचं वेड सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. आमच्याकडं सगळेच एरंड लावतात, वाळूत दुसरं काय जोमानं येतंय? पण लेबाभाई लावतो म्हणजे जगात त्यानं एकट्यानंच लावला. कुणाच्या पोटात दुखलं, एरंडेल. टाचा फुटल्या, एरंडेल. म्हैस विताना अडली, एरंडेल. डाळींना एरंडेल, गाड्याच्या आखाला एरंडेल, पाण्याच्या रहाटाला एरंडेल. पण इंजिनात? अरे, ते काय म्हशीचं पोट आहे? तिथं आत विस्तव पेटलेला असतो, मिनिटाला हजारदा! वर बाजारच्या तेलात हे तेल मिसळत नाही. तापतं, आटतं आन् रिंगांना घट्ट धरून बसतं. कंजुषीही नव्हे हो ही. ह्याला नुसता गर्व म्हणायचा. आपल्या शेतात पिकलं ते सगळ्या जगाला चालतं, चाललंच पाहिजे.

मी नवा पिस्टन आणला, नव्या रिंगा आणल्या, सगळं इंजिन तीनतीनदा धुतलं तरी तो वास हाताचा जाईना. बाजरीचा रोटला तोंडाशी नेला की आजी आठवायची. जुना पिस्टन मात्र धुतला नाही. तसाच घाणेरडा, कागदात गुंडाळून ठेवला. पंचांना दाखवायचा होता.

नवूला मी सगळं सांगितलं. सून माझ्यापुढं घुंगट घेते, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसला नाही. ती एवढंच म्हणाली, "काका, बापा ऐकणार न्हाईत."

बीजेला ते आले. जीप भरून आले. पुढं लेबाभाई, पांढऱ्या फेट्यात, ताठ. मागं चार पंच, त्यांत म्हातारे दलसंगभाई मुख्य. सगळ्यांत मागं, फळीला धरून, मघा. जीप थांबली तशी लेबाभाईनं आधी घराकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"पोरीची पेटी भरली का?" त्यानं उतरता उतरताच विचारलं.

"आधी बसा तरी," मी म्हणालो. "पाणी घ्या."

खाटा टाकल्या. चहा झाला. रकाबीतून फुर्र फुर्र करत सगळ्यांनी दोनदोनदा घेतला. मग लेबाभाईनं मिशीवरून हात फिरवला आन् सुरू झाला.

"पंचांनो, ह्यांनी माझ्या घरी गाडी दिली. मिस्त्री मानूस, म्हटलं चांगलीच आसंल. माझ्या पोराचा धंदा बुडाला. गावात लोक माझ्या दाराशी नाक धरून जातात. व्याह्यानं कचरा दिला, म्या कचरा माघारी दिला. आता माझी लेक मला द्या."

"रखू कचरा?" केवळ उठला. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवला.

मी काही बोललो नाही. कागद उघडला आन् पिस्टन खाटेवर ठेवला. काय झालं, कसं झालं, सगळं सांगितलं. रिंगा दाखवल्या. राप दाखवला. "ह्यात एरंडेल जळालंय," म्हणालो, "आन् ते लेबाभाईंनी वतलंय."

मला वाटलं होतं, आता सगळे लेबाभाईकडं बघतील. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण चारही पंच एरंडवाले! एकानं रकाबी खाली ठेवली.

"म्हंजे एरंडेल वाईट म्हनतोस?"

"मी आसं कुठं म्हनलं?"

"म्हनलास की! एरंडेलानं इंजिन खाल्लं म्हनलास. आरं, एरंडावर आमच्या घरांचे पत्रे बसले. एरंडावर आमच्या लेकींची लग्नं झाली."

"माझा आजा त्रेचाळीस उन्हाळे एरंडेल प्याला," दुसरा म्हणाला. "शेवटपर्यंत एक दात हलला न्हाई."

"तुमचा आजा काय पेट्रोलवर चालायचा?" मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

मग जे सुरू झालं, ते एरंडाचं गुऱ्हाळच. कुणाच्या एरंडाला कुठल्या सालात किती घड लागले, कुणाच्या बैलगाडीचा आख कधी करकरला नाही, कुणाची म्हैस कशी वाचली. तिकडं माझ्या घरात पोटुशी पोर पेटीपाशी बसलेली, आन् इकडं हे म्हातारे तेलाचे गुण गात चहा मागत होते. मला त्या मिशांची, त्या रकाब्यांची, त्या पांढऱ्याधोट फेट्यांची अशी किळस आली, की उठून निघून जावं वाटलं. लेबाभाई तर मांडी घालून मजेत बसला होता.

"आन् म्या वतलं हे बघितलं कुणी?" तो म्हणाला. "तुझ्या लेकीनं? घुंगटातनं?"

तेवढ्यात दार वाजलं. नवू बाहेर आली. घुंगट खाली ओढलेला, हातात देवापुढची दिव्याची वाटी. चालताना थोडी मागं रेलून चालत होती. ती नीट खाटेपाशी आली, पिस्टनच्या बाजूला ती वाटी ठेवली. मग माझ्याकडं पाठ केली, बापाकडं तोंड केलं आन् घुंगट वर केला. तिच्या माहेरची माणसं ती. त्यांच्यापुढं तिला लाज धरायचं कारण नव्हतं.

"दलसंगबापा," ती म्हणाली, "डोळं मिटा."

"का गं पोरी?"

"मिटा तर खरं."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. नवूनं त्याचं बोट धरून आधी पिस्टनच्या खाचेवरून फिरवलं, मग वाटीच्या काठावरून.

"सांगा, ह्यातला दिवा कुठला?"

दलसंगभाईनं दोन्हीवरून पुन्हा बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं.

"मला काय कळंना," तो म्हणाला. "दोन्ही एकच लागतंय."

नवू आपल्या बापाकडं वळली. "मग? एरंडेल विस्तवापाशी आलं की त्याचं हेच होतं, बापा. तुमच्या घरी रोज सकाळी देवाचा दिवा मीच घासायची. राखेनं घासला, विटेच्या चुऱ्यानं घासला, नखं गेली माझी. आई म्हनायची, एरंडेलाचा राप हाय, जन्मभर निघायचा न्हाई. तुम्ही एक दिवस तरी दिवा घासला आसता, तर तुम्हालाबी ठावं झालं आसतं." तिनं वाटी उचलून दाखवली. "एरंडेल वाईट न्हाई. मी ह्या घरातबी त्याचाच दिवा लावते. पण तुम्ही ते इंजिनात घातलंत, आन् त्याच्यापायी मला हितनं उठवायला आलात. ह्या पोटातल्यानं काय केलं हो तुमचं?"

कुणी रकाबीला हात लावला नाही. लेबाभाईचा चेहरा लाल झाला.

"म्या घातलंच न्हाई!"

"घातलंत, बापा."

हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मघा. जीपची फळी सोडून तो पुढं आला होता.

"मी दोनदा सांगितलं, नका घालू. तुम्ही म्हनालात, बाजारचं तेल जमिनीतली घाण हाय, घरचं पाज. मी गप बसलो. रखूला इथं सोडायला आलो तवाबी गप बसलो. आता न्हाई."

बाप लेकाकडं असा बघत होता, जणू एखाद्या खाटेला वाचा फुटली.

"घातलं तर काय झालं?" लेबाभाई शेवटी ओरडला. "चांगलंच घातलं ना? इख तर न्हाई घातलं? बैलाला तूप पाजतो तसं पाजलं! माझ्याच घरच्या गाडीला म्या माझ्या घरचं तेल पाजायचं न्हाई?"

पंच कुजबुजले. मग दलसंगभाई खाकरला आन् त्यानं निवाडा दिला. काय निवाडा? ऐका. एरंडाचा दोष नाही, असं आधी. मग लेबाभाईनं तेल घातलं ही त्याची निम्मी चूक, आन् कुठलं तेल घालायचं हे मिस्त्रीनं नीट समजावून सांगितलं नाही ही माझी निम्मी चूक. झालं! माझी निम्मी! मी तोंड उघडलं होतं, पण नवू तिथं उभी होती, ओढणीचं टोक मुठीत गच्च धरून. मी तोंड मिटलं. थुंकी गिळली. अजून तिची चव जिभेवर आहे.

"साटं ऱ्हाईल," दलसंगभाई म्हणाला. "नवू हितंच. रखू आजच सासरी जाईल. पण गाडी धूर सोडती का न्हाई ते आधी दाखव."

मी किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली. म्हातारा उठला, आपल्या फेट्याचं पांढरं टोक सोडलं आन् सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं. मी रेस पिळली. त्यानं टोक उलटून पालटून बघितलं. डाग नाही. त्यानं ते लेबाभाईच्या नाकापुढं धरलं. लेबाभाईनं तोंड फिरवलं, एरंडेल प्याल्यागत.

"चला," लेबाभाई म्हणाला. "सूनबाईला जीपमधी बसवा. मघा गाडी आणील."

"मघा न्हाई," रखू म्हणाली. दारातूनच म्हणाली, घुंगटातून. सासऱ्याशी सून बोलत नाही, म्हणून ती दलसंगभाईकडं तोंड करून बोलली. "नव्या रिंगा हायेत. सुरवातीला हळू चालवायची आसती, बापा म्हनतात. मला येतं. गाडी मी चालवीन. आन् तेल मी घालीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. हे कबूल आसंल तर मी येते. न्हाई तर माझी पेटी हाय तिथं बरी हाय."

हे मोडलं तर नवूही जाणार. नवूकडं बघवेना. पण नवू वहिनीकडं... म्हणजे नणंदेकडं, दोन्ही नाती लागतात हो साट्यात, तिच्याकडं बघून मान हलवत होती, हो हो म्हणून.

तेल घालायचं झाकण हातानं उघडतं, कुणीही उघडावं. मी आत गेलो. एक जुनं झाकण होतं, पान्याशिवाय न फिरणारं. ते आणून सगळ्यांसमोर बसवलं, आवळलं, आन् पाना रखूच्या हातात दिला. तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, पाना त्यात अडकवला आन् जुडगा पुन्हा कमरेला खोचला.

"कबूल," दलसंगभाई म्हणाला. लेबाभाईला त्यानं विचारलंच नाही.

रखू गाडीवर बसली. मघा मागं, मांडीवर पेटी घेऊन. आता घुंगट घेऊन गाडी चालवायची कशी? रस्ता दिसायला नको? तिनं दोन्ही हातांनी ओढणी मागं सारली आन् कानामागं गच्च बांधली. सासरा समोर, चार पंच समोर. सगळे अवघडले. लाज तर मोडता येत नाही, आन् गाडी तर जायला हवी. शेवटी दलसंगभाईच म्हणाला, "लेबा, तूच झाक."

आन् लेबाभाईनं फेट्याचं टोक ओढून आपल्या तोंडावर घेतलं. देवाशपथ! हनवटीपर्यंत. तसाच चाचपडत जीपकडं गेला, पायरी दिसेना म्हणून दोनदा पाय चुकला. केवळ हसायला लागला तो घरातच पळाला.

पुढं रखूची गाडी, मागं जीप. रस्त्यावर धुळीशिवाय काही उडालं नाही.

त्याला आता तीन महिने होत आले. वस्त्यांवरचं दूध परत मघाकडं यायला लागलंय. नवूला पोरगी झाली. गेल्या आठवड्यात मी बाजारात गेलो होतो, एरंडाच्या पोत्यांच्या थप्पीपाशी लेबाभाई बसला होता आन् भोवती दहा माणसं. मी थप्पीआड उभा राहून ऐकलं. सांगत होता, "माझं एरंडेल एवढं कसदार, एवढं कसदार, की इंजिनाला पचलं न्हाई! शेवटी व्याह्याला इंजिन बदलावं लागलं!" आन् ती दहा माणसं माना डोलवत होती.

घरी आलो. टोपी आपटली. नवूला म्हणालो, "तुझा बाप! शी शी शी! कवडीची लाज न्हाई ह्या मानसाला!"

नवू पोरीला पायांवर घेऊन तेल लावत होती. एरंडेल नव्हे, तिळाचं. तिनं घुंगटाआडून विचारलं, "काका, पाना कुणाकडं हाय?"

"रखूच्या कमरेला."

"मग बोलू द्या की त्यांना," ती म्हणाली आन् पोरीला पालथी केली.